वीज गेल्यावरचा स्विच : घनावस्था अनॅलॉग स्विचच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रश्न

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना उपकरण चालू असताना काय करते याचा विचार प्रामुख्याने केला जातो. त्याचा वेग किती, क्षमता किती, किंमत किती कमी झाली, या निकषांवर एका पिढीतील उपकरणाची दुसऱ्या पिढीतील उपकरणाशी तुलना होते. पुरवठा खंडित झाल्यावर तेच उपकरण काय करते, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. वीज गेली म्हणजे उपकरण निष्क्रिय झाले आणि विषय संपला, असे गृहीत धरले जाते.

अनॅलॉग स्विचच्या बाबतीत हे गृहीतक टिकत नाही. ध्वनी, मोजमापाचे संकेत किंवा दूरध्वनीवरील संभाषण यांसारखे सतत बदलणारे विद्युत संकेत एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर वळवणे हे या स्विचचे काम आहे. तो नेहमी दोन परिपथांच्या मध्ये उभा असतो, आणि त्या दोहोंचा वीजपुरवठा एकच असेल असे नाही. मापनयंत्र बंद असते, पण त्याला जोडलेला संवेदक स्वतःच्या बॅटरीवर चालू असतो. ध्वनिमुद्रणाच्या खोलीतील एक यंत्र बंद असते, पण त्याला संकेत पुरवणारे दुसरे यंत्र चालू असते. घरातील दिवे गेलेले असतात, पण दूरध्वनीच्या तारेवर केंद्रातील बॅटरीचा दाब कायम असतो. अशा प्रसंगी स्वतःचा पुरवठा गमावलेला स्विच जोडलेला राहतो की तुटलेला, या प्रश्नावर पलीकडच्या उपकरणाची सुरक्षितता अवलंबून असते.

धातूच्या संपर्कांकडून अर्धवाहकांकडे झालेल्या संक्रमणात या प्रश्नाचे काय झाले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. रिलेच्या काळात ‘वीज नसतानाची अवस्था’ हा रचनेचाच एक भाग होता. घनावस्था स्विचमध्ये ही अवस्था प्रथम नजरेआड झाली आणि पुढे अनेक दशकांच्या प्रयत्नांनी ती पुन्हा रचनेत आणावी लागली, असे प्रतिपादन येथे केले आहे.

संज्ञांविषयी

या विषयाची मराठीत चर्चा करताना एक अडचण प्रारंभीच दूर करणे आवश्यक आहे. बोलीत ‘बटण बंद केले’ याचा अर्थ प्रवाह थांबवला असा होतो. शास्त्रीय परिभाषेत मात्र ‘बंद परिपथ’ म्हणजे पूर्ण झालेला, ज्यातून प्रवाह वाहू शकतो असा परिपथ. एकच शब्द दोन परस्परविरुद्ध अर्थांनी वापरला जातो. त्यातच पुरवठा नसलेल्या उपकरणालाही ‘बंद’ म्हणण्याची रीत आहे. या लेखात स्विचच्या दोन अवस्थांना ‘जोडलेला’ आणि ‘तुटलेला’ असे म्हटले आहे, तर पुरवठा नसलेल्या अवस्थेला ‘निर्वीज’ अशी संज्ञा योजली आहे. हा केवळ शब्दांचा काटेकोरपणा नाही. ‘तुटलेला’ आणि ‘निर्वीज’ या दोन भिन्न गोष्टी एकच मानणे हेच पुढे वर्णिलेल्या अडचणींचे मूळ होते.

रिले : ज्याची निर्वीज अवस्था ठरलेली होती

विद्युतचुंबकाच्या साहाय्याने दूरवरचा संपर्क जोडण्याची कल्पना १८३० च्या दशकात आकाराला आली. या संदर्भात अमेरिकेतील जोसेफ हेन्री यांचे नाव प्रामुख्याने घेतले जाते. १८४४ मध्ये वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर यांच्यामध्ये मोर्स यांची तारयंत्रणा सुरू झाली आणि त्यानंतर रिले हा दळणवळणाचा मूलभूत घटक बनला. रिलेची रचना साधी आहे. वेटोळ्यातून प्रवाह गेला की लोखंडाची पट्टी खेचली जाते व संपर्क बदलतो. प्रवाह थांबला की स्प्रिंग किंवा गुरुत्वाकर्षण त्या पट्टीला मूळ जागी आणते.

वेटोळ्यात प्रवाह नसताना पट्टी कोठे असेल हे स्प्रिंग ठरवते, आणि स्प्रिंगला विजेची गरज नसते. त्यामुळे रिलेचे वर्णन करण्याची पद्धतच निर्वीज अवस्थेवर आधारलेली होती. प्रवाह नसताना तुटलेला राहणारा संपर्क ‘नॉर्मली ओपन’ आणि जोडलेला राहणारा संपर्क ‘नॉर्मली क्लोज्ड’ म्हणून ओळखला जातो. आजही पॅनेलची जोडणी करणारे तंत्रज्ञ त्यांना ‘एनओ’ व ‘एनसी’ म्हणतात. यातील ‘नॉर्मल’ या शब्दाचा अर्थ ‘वीज नसताना’ असाच आहे.

या गुणधर्माचा सर्वांत विचारपूर्वक उपयोग रेल्वेने केला. १८७२ मध्ये विल्यम रॉबिन्सन यांनी अमेरिकेत बंदिस्त ट्रॅक सर्किटचे पेटंट मिळवले. या पद्धतीत रुळांमधून वाहणारा प्रवाह रिलेला खेचून धरतो. गाडी आली की तिच्या चाकांमुळे दोन रूळ परस्परांना जोडले जातात, रिलेचा प्रवाह जातो, पट्टी खाली पडते आणि सिग्नल धोक्याची सूचना देतो. तार तुटली, रूळ तुटला किंवा बॅटरी संपली तरी परिणाम तोच होतो. वीज जाणे ही येथे अनपेक्षित घटना नसून तिचे उत्तर रचनेत आधीच दिलेले आहे.

रिलेचा दुसरा गुण म्हणजे त्याचा नियंत्रण-परिपथ आणि संकेत-परिपथ परस्परांपासून पूर्णपणे अलग असतात. तुटलेल्या संपर्कांमध्ये हवेची किंवा निर्वात पोकळीची फट असते. संकेत मर्यादेत असेल तोवर त्याचा दाब धन असो वा ऋण, त्या फटीला फरक पडत नाही. ‘तुटलेला’ हा शब्द येथे अक्षरशः खरा असतो.

दूरध्वनी केंद्रातील कसोटी : मॉरिस आणि सक्कासुना

दूरध्वनी केंद्रे ही अनॅलॉग स्विचिंगची सर्वांत मोठी कार्यशाळा होती. येथे बोलण्याचे क्षीण संकेत, टेलिफोन चालवणारा बॅटरीचा एकदिश प्रवाह आणि घंटी वाजवणारा मोठा प्रत्यावर्ती दाब, हे सर्व तारांच्या एकाच जोडीवरून जाते. अमेरिकेतील प्रथेनुसार बॅटरीचा दाब ४८ व्होल्ट, तर घंटीचा दाब सुमारे ९० व्होल्ट व वारंवारता २० हर्ट्झ असे. धातूचा संपर्क या सर्वांना सारखाच वाट देतो.

बेल प्रयोगशाळेने इलिनॉय राज्यातील मॉरिस या गावी नोव्हेंबर १९६० मध्ये पूर्णतः इलेक्ट्रॉनिक केंद्राची सार्वजनिक चाचणी सुरू केली. या केंद्रात ग्राहकांना परस्परांशी जोडण्यासाठी धातूच्या संपर्कांऐवजी वायूने भरलेल्या नळ्या वापरल्या होत्या. नळीतील वायूत विद्युत विसर्जन सुरू झाले की मार्ग जोडला जाई. विसर्जन थांबले की मार्ग तुटे. ही नळी घनावस्था घटक नव्हती, परंतु तिने पुढे येणाऱ्या अडचणीची पूर्वसूचना दिली. घंटीचा नेहमीचा प्रवाह या नळ्यांना पेलवत नव्हता. परिणामी मॉरिसमधील ग्राहकांना घंटीऐवजी स्वर काढणारे वेगळे टेलिफोन द्यावे लागले. शिवाय जोडलेला मार्ग टिकवण्यासाठी नळीतून प्रवाह अखंड वाहणे आवश्यक होते. येथे मार्गाचे अस्तित्वच पुरवठ्यावर अवलंबून होते.

मॉरिसचा धडा प्रत्यक्ष व्यापारी केंद्राच्या रचनेत उतरला. मे १९६५ मध्ये न्यू जर्सीतील सक्कासुना येथे ‘नंबर वन ईएसएस’ हे केंद्र कार्यान्वित झाले. त्याचे नियंत्रण अर्धवाहकांकडे होते, पण संभाषणाचे मार्ग मात्र पुन्हा धातूच्या संपर्कांकडे सोपवले होते. काचेच्या सीलबंद नळीतील रीड संपर्क आणि चुंबकत्व धरून ठेवणारा पदार्थ यांच्या संयोगातून बनलेला ‘फेरीड’ हा घटक त्यासाठी वापरला गेला. विजेचे अल्पकालीन स्पंद फेरीडला एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत नेत. स्पंद संपल्यानंतर संपर्काची अवस्था चुंबकीय पदार्थात साठून राही आणि ती टिकवण्यासाठी पुरवठा लागत नसे.

इतिहासाच्या दृष्टीने ही निवड महत्त्वाची आहे. जगातील अग्रगण्य अर्धवाहक प्रयोगशाळेने, ट्रान्झिस्टरच्या शोधानंतर १८ वर्षांनी, बुद्धी अर्धवाहकाची आणि हात मात्र धातूचे अशी विभागणी स्वीकारली. मोठे दाब, दोन्ही दिशांचे प्रवाह आणि पुरवठ्यापासून स्वतंत्र अवस्था, हे तीन गुण एकत्र देणारा व्यवहार्य घनावस्था घटक तेव्हा उपलब्ध नव्हता.

घनावस्था स्विचचे आगमन

ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ मध्ये लागला. अनॅलॉग संकेतांसाठी मात्र क्षेत्र-परिणाम ट्रान्झिस्टर अधिक सोयीचा ठरला. जोडलेल्या अवस्थेत त्याची वाहिनी एखाद्या साध्या रोधासारखी वागते आणि प्रवाह दोन्ही दिशांनी जाऊ शकतो. या वर्गाचा पहिला प्रकार म्हणजे जेफेट. विल्यम शॉक्ली यांनी १९५२ मध्ये त्याचे सैद्धांतिक विवेचन प्रसिद्ध केले. दुसरा प्रकार मॉसफेट. तो १९५९ मध्ये बेल प्रयोगशाळेतील मोहम्मद अटाला आणि दावोन काहंग यांनी साकार केला.

निर्वीज अवस्थेच्या दृष्टीने हे दोन प्रकार एकमेकांच्या उलट आहेत. जेफेटच्या गेटवर दाब नसताना त्याची वाहिनी उघडी असते, म्हणजे तो जोडलेला असतो. त्याला तोडण्यासाठी गेटवर विरुद्ध दाब द्यावा लागतो. जेफेटवर आधारित स्विचचा पुरवठा गेला की हा विरुद्ध दाब नाहीसा होतो आणि तोडून ठेवलेले मार्ग जोडले जाण्याची शक्यता निर्माण होते. नेहमीच्या वापरातील मॉसफेटला उलट जोडण्यासाठी दाब लागतो. त्यामुळे वीज नसताना तो तुटलेला राहील, अशी अपेक्षा वरकरणी रास्त वाटते.

१९६३ मध्ये फेअरचाइल्ड कंपनीतील फ्रँक वानलास व सी. टी. सा यांनी एन-चॅनल आणि पी-चॅनल मॉसफेट जोडीने वापरण्याची सीमॉस पद्धती मांडली. स्थिर अवस्थेत ती जवळजवळ काहीच वीज खात नाही, हे तिचे वैशिष्ट्य होते. आरसीए कंपनीने १९६८ पासून ‘सीडी ४०००’ ही सीमॉस मालिका बाजारात आणली. या मालिकेतील सीडी ४०१६ या एकात्मिक परिपथात चार द्विदिश स्विच होते. पुढे आलेल्या सीडी ४०६६ मध्ये जोडलेल्या अवस्थेतील रोध कमी होता. १५ व्होल्ट पुरवठ्यावर तो नमुनादाखल १२५ ओहम असे. सिलिकॉनिक्स कंपनीच्या डीजी २०१ सारख्या परिपथांनी धन व ऋण अशा दुहेरी पुरवठ्यावर चालणाऱ्या स्विचची प्रथा रूढ केली. एका रिलेच्या जागेत चार स्विच, आवाज नाही, झीज नाही आणि वेटोळ्यासाठी लागणारा प्रवाहही नाही, या कारणांनी मापनयंत्रे व ध्वनियंत्रे यांमध्ये हे परिपथ वेगाने पसरले.

निर्वीज चिपमध्ये काय घडते

सीमॉस अनॅलॉग स्विचमध्ये एक एन-चॅनल व एक पी-चॅनल ट्रान्झिस्टर समांतर जोडलेले असतात. एन-चॅनलचे गेट संकेतापेक्षा पुरेशा अधिक दाबावर असले की तो वाहतो. पी-चॅनलचे गेट संकेतापेक्षा पुरेशा कमी दाबावर असले की तो वाहतो. स्विच तोडायचा असेल तर एन-चॅनलचे गेट पुरवठ्याच्या सर्वांत खालच्या आणि पी-चॅनलचे गेट सर्वांत वरच्या दाबावर धरून ठेवावे लागते. याचा अर्थ असा की या स्विचमध्ये ‘तुटलेला असणे’ ही पुरवठ्याच्या बळावर सतत टिकवून धरलेली अवस्था आहे. रिलेतील फटीप्रमाणे ती आपोआप मिळत नाही.

आता पुरवठा शून्य झाला असे मानू. दोन्ही गेट शून्य दाबावर आली. अशा वेळी बाहेरून +५ व्होल्टचा संकेत आला तर पी-चॅनलच्या दृष्टीने त्याचे गेट संकेतापेक्षा ५ व्होल्ट खाली आहे. साहजिकच तो वाहू लागतो. संकेत −५ व्होल्ट असेल तर एन-चॅनल वाहू लागतो. दोन्ही बाजूंच्या उंबरठा दाबांच्या आत असलेला लहान संकेतच तेवढा अडवला जातो. ज्या ट्रान्झिस्टरांच्या जोडीमुळे स्विचला दोन्ही दिशांचे संकेत सारखेपणाने नेता येतात, तीच जोडी निर्वीज अवस्थेत दोन्ही दिशांनी दार उघडते.

दुसरा मार्ग ट्रान्झिस्टरच्या देहातूनच जातो. पी-चॅनल ट्रान्झिस्टर ज्या अर्धवाहक थरात घडवलेला असतो तो थर धन पुरवठ्याला जोडलेला असतो. संकेताचे अग्र आणि हा थर यांच्यामध्ये एक डायोड नैसर्गिकपणेच तयार होतो. पुरवठा असताना हा डायोड उलट दिशेने असल्यामुळे निष्क्रिय राहतो. पुरवठा शून्य होताच सुमारे ०.६ व्होल्टपेक्षा मोठा धन संकेत या डायोडमधून थेट पुरवठ्याच्या तारेत शिरतो. पुढे काय होते हे त्या तारेच्या स्थितीवर अवलंबून असते. ती तार कमी रोधातून जमिनीशी जोडलेली असेल तर संकेताचा प्रवाह तेथे वळतो. संकेत देणारे उपकरण सशक्त असल्यास चिप जळते, अशक्त असल्यास संकेतच दबतो. ती तार मोकळी असेल तर संकेत तिला स्वतःच्या दाबाच्या जवळपास नेतो आणि निर्वीज मानलेली चिप जागी होते. त्याच तारेवरील इतर चिपही अर्धवट जाग्या होतात.

सीमॉस पद्धतीचा सर्वांत मोठा गुण अत्यल्प वीजवापर हा होता. पण जी चिप इतक्या थोड्या विजेवर चालते ती संकेतातून चोरलेल्या विजेवरही चालू शकते. रिलेचे वेटोळे अशा उसन्या प्रवाहावर खेचले जाणे अशक्यप्राय होते. काटकसरीतून आलेला हा दोष जुन्या पिढीच्या अनुभवात नव्हता, म्हणून तो अपेक्षितही नव्हता.

यात आणखी एक फसवा भाग आहे. निर्वीज यंत्राची तपासणी लहान संकेताने केली तर स्विच व्यवस्थित तुटलेला दिसतो. ध्वनियंत्रांमध्ये १ व्होल्ट परिणामी मूल्याच्या संकेताचे शिखर सुमारे १.४ व्होल्ट असते. असा संकेत डायोडची मर्यादा ओलांडतो आणि त्याची शिखरे कापली जातात. परिणामी मंद आवाज स्वच्छ ऐकू येतो व मोठा आवाज चिरका होतो. दोष बंद यंत्रात असतो आणि लक्षण चालू यंत्रात दिसते. अशा वेळी शोध चुकीच्या दिशेने जाणे स्वाभाविक आहे.

शब्द उसना, अर्थ वेगळा

हा दोष दीर्घकाळ दुर्लक्षित राहण्यामागे एक भाषिक कारणही दिसते. घनावस्था स्विच रिलेची जागा घेणार होते, त्यामुळे त्यांच्या माहितीपत्रकांनी रिलेचीच परिभाषा स्वीकारली. डीजी २०१ए या परिपथातील स्विच नियंत्रण संकेत ‘०’ असताना जोडलेला असतो, तर डीजी २०२ मधील ‘१’ असताना. मॅक्सिम कंपनीच्या मॅक्स ४५०१ व मॅक्स ४५०२ या जोडीपैकी पहिल्याला ‘नॉर्मली ओपन’ आणि दुसऱ्याला ‘नॉर्मली क्लोज्ड’ म्हटले गेले.

परंतु येथे ‘नॉर्मल’चा अर्थ ‘नियंत्रण संकेत शून्य असताना’ असा आहे आणि पुरवठा उपस्थित आहे हे त्यात गृहीत आहे. रिलेत नियंत्रण संकेत आणि चालक शक्ती एकच असल्याने हे दोन अर्थ वेगळे नव्हते. चिपमध्ये पुरवठा आणि नियंत्रण ही दोन निराळी अग्रे झाली, तरी शब्द एकच राहिला. रिलेच्या सवयीने विचार करणाऱ्या अभियंत्याने ‘नॉर्मली क्लोज्ड’ चिप निवडून वीज गेल्यावर मार्ग जोडलेला राहील अशी अपेक्षा केली, तर ती अपेक्षा चुकीची ठरे. माहितीपत्रकातील सत्यता-सारणीत ‘०’ आणि ‘१’ अशा दोन ओळी असत. ‘पुरवठा नाही’ ही तिसरी ओळ सहसा नसे.

तिसऱ्या ओळीची माहिती मात्र वेगळ्या ठिकाणी, कमाल मर्यादांच्या कोष्टकात अप्रत्यक्षपणे दिलेली असे. संकेताचा दाब पुरवठ्याच्या मर्यादेबाहेर जाऊ नये आणि गेल्यास प्रवाह काही मिलिअँपिअरपर्यंतच सीमित ठेवावा, अशी ती सूचना असे. पुरवठा शून्य असेल तर पुरवठ्याची मर्यादाही शून्य होते, म्हणजे निर्वीज चिपला कोणताही संकेत देऊच नये, हा निष्कर्ष वाचकाने स्वतः काढायचा होता.

उपायांची वाटचाल

या प्रश्नावरील उपाय टप्प्याटप्प्याने विकसित झाले. पहिला टप्पा शिस्तीचा होता. आधी पुरवठा द्यावा, नंतर संकेत, आणि बंद करताना उलट क्रम पाळावा, अशा सूचना दिल्या गेल्या. पुरवठ्याच्या अग्रांशी एकेक डायोड जोडून परतीचा प्रवाह अडवणे किंवा संकेताच्या मार्गात रोध घालणे, हे उपायही सुचवले गेले. परंतु ज्या ठिकाणी संकेत दुसऱ्याच्या मालकीच्या यंत्रातून येतो तेथे क्रम पाळणे वापरणाऱ्याच्या हाती नसते.

दुसरा टप्पा निर्मितीप्रक्रियेचा होता. सीमॉस रचनेत शेजारील थरांमुळे नकळत चार थरांचा एक घटक तयार होतो. मर्यादेबाहेरच्या संकेताने तो पेटला की पुरवठा काढेपर्यंत मोठा प्रवाह वाहत राहतो. यास ‘लॅच-अप’ म्हणतात. प्रत्येक ट्रान्झिस्टरभोवती विद्युतरोधक थर घालून हा धोका टाळण्याची पद्धत हॅरिस व अनॅलॉग डिव्हायसेस या कंपन्यांनी वापरली. मात्र त्यामुळे केवळ लॅच-अप टळले. निर्वीज अवस्थेत वाहिनी आपोआप उघडण्याचा मूळ प्रश्न शिल्लक राहिला.

तिसऱ्या टप्प्यात हा मूळ प्रश्न रचनेनेच सोडवला गेला. दोन ट्रान्झिस्टर समांतर जोडण्याऐवजी एन, पी आणि एन-चॅनल असे तीन ट्रान्झिस्टर एकापुढे एक जोडण्यात आले. पुरवठा गेला आणि धन संकेत आला तर पहिला एन-चॅनल तुटलेला राहतो. ऋण संकेत आला तर एन-चॅनल वाहतो, पण पुढचा पी-चॅनल तुटलेला राहतो. दोन्ही दिशांना एक तरी दार बंद असते. अनॅलॉग डिव्हायसेसच्या एडीजी ५०८एफ सारख्या बहुमार्गी स्विचमध्ये ही रचना आढळते. तिची किंमत मात्र मोजावी लागली. तीन ट्रान्झिस्टरांचा रोध एकत्र आल्याने जोडलेल्या अवस्थेतील रोध वाढला आणि पुरवठ्याच्या टोकाजवळचे संकेत नेण्याची क्षमता कमी झाली. वीज असतानाची कामगिरी काही प्रमाणात सोडून वीज नसतानाची सुरक्षितता विकत घेतली गेली.

याच काळात एक निराळा मार्गही विकसित झाला. प्रकाशाने चालणाऱ्या मॉसफेट रिलेमध्ये नियंत्रण-परिपथ एक एलईडी उजळतो. समोरील प्रकाशसंवेदी डायोडांची माळ त्या उजेडातून दाब निर्माण करते आणि पाठीला पाठ लावून जोडलेल्या दोन मॉसफेटच्या गेटना तो पुरवते. येथे गेटचा दाब जमिनीच्या संदर्भात नसून संकेताच्याच संदर्भात असतो. प्रकाश नसेल तर गेटवर दाब नाही, आणि दोन देह-डायोड परस्परविरुद्ध असल्याने कोणत्याही दिशेने प्रवाह नाही. वेगळ्या प्रकारचे मॉसफेट वापरून याच पद्धतीने निर्वीज अवस्थेत जोडलेला राहणारा स्विचही बनवता येतो. ‘एनओ’ व ‘एनसी’ या शब्दांना त्यांचा मूळ अर्थ घनावस्थेत अशा प्रकारे परत मिळाला.

२०१० च्या दशकात आलेल्या एडीजी ५४१२एफ सारख्या परिपथांत पुरवठा नसतानाही ±५५ व्होल्टपर्यंतच्या संकेतापासून संरक्षणाची हमी दिली गेली. नियंत्रण संकेत नसताना स्विच कोणत्या अवस्थेत असेल हेही स्पष्टपणे नमूद केले गेले. सत्यता-सारणीतील न लिहिलेली तिसरी ओळ अखेर विक्रीयोग्य गुण म्हणून माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर आली. तोवर उद्योगाचे स्वरूपही बदलले होते. आरसीएचा अर्धवाहक व्यवसाय १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात हॅरिसकडे गेला होता. पुढे २०२१ मध्ये मॅक्सिम ही कंपनी अनॅलॉग डिव्हायसेसमध्ये विलीन झाली. कंपन्यांची नावे गेली तरी ४०६६ आणि २०१ हे क्रमांक टिकून राहिले, आणि त्यांच्यासोबत निर्वीज अवस्थेची जुनी मर्यादाही टिकून राहिली.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) रिलेमध्ये निर्वीज अवस्था स्प्रिंग, गुरुत्वाकर्षण किंवा चुंबकीय पदार्थ यांच्यात साठवलेली होती. सीमॉस स्विचमध्ये ‘तुटलेला’ ही अवस्था पुरवठ्याने टिकवून धरावी लागते. संपर्काकडून अर्धवाहकाकडे झालेल्या संक्रमणात केवळ साधन बदलले नाही, तर ‘तुटलेला’ या शब्दाचा भौतिक आशय बदलला.

२) हा बदल उसन्या परिभाषेमुळे झाकला गेला. ‘नॉर्मल’ हा शब्द कायम राहिला, त्याचा संदर्भ मात्र ‘वीज नसताना’वरून ‘नियंत्रण संकेत शून्य असताना’ याकडे सरकला.

३) अल्प वीजवापर व द्विदिशता हे सीमॉस स्विचचे गुण आणि त्याचे निर्वीज अवस्थेतील दोष एकाच रचनेतून निर्माण झाले आहेत. म्हणून हा दोष केवळ सुधारित निर्मितीने दूर झाला नाही. त्यासाठी रचनाच बदलावी लागली आणि कामगिरीचा काही भाग सोडावा लागला.

४) मॉरिस व सक्कासुना यांचा अनुभव दर्शवतो की नव्या घटकाचा स्वीकार करताना जुन्या घटकाच्या न लिहिलेल्या गुणांची नोंद घेणे आवश्यक असते.

या इतिहासाचा अर्थ प्रयोगशाळेपुरता मर्यादित नाही. तांब्याच्या तारेवरील दूरध्वनी घरातील वीज गेल्यावरही चालत असे, कारण त्याची वीज केंद्रातून येत होती. प्रकाशतंतूवरील जोडणीत घरातील उपकरणालाच विजेची गरज असते आणि ती गेली की दूरध्वनीही जातो. ग्राहकाच्या लेखी दोन्ही ‘फोन’च असतात. जुन्या सेवेचा जो गुण कोणत्याही करारात लिहिलेला नव्हता, तो नव्या सेवेत नाही हे त्याला नेमके अंधारातच कळते. अनॅलॉग स्विचच्या बाबतीत अभियंत्यांना हाच अनुभव काही दशके आधी आला होता. म्हणून कोणत्याही यंत्रणेची जागा दुसरीला देताना ती चालू असताना काय करेल यासोबतच वीज नसताना काय करेल, हे विचारले गेले पाहिजे आणि त्याचे उत्तर लिहून ठेवले पाहिजे.